वरची ओळ वाचा

गिट एसएसएचच्या वाटेनं रिमोट रिपॉझिटरीपर्यंत पोचलं नाही की पडद्यावर शेवटी ठरलेलं वाक्य येतं: ‘कुड नॉट रीड फ्रॉम रिमोट रिपॉझिटरी’. पाठोपाठ सल्ला येतो, की तुमचे अधिकार बरोबर आहेत ना आणि रिपॉझिटरी खरोखर आहे ना, हे तपासा. इंटरनेट बंद असलं तरी हेच वाक्य येतं. एसएसएचची किल्ली चुकीची असली तरी हेच, फायरवॉलनं पोर्ट अडवलं तरी हेच, आणि रिपॉझिटरीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरीही हेच. विद्यार्थी हे वाक्य उचलतात, शोधयंत्रात टाकतात आणि समोर येणारी पहिली चार उत्तरं ओळीनं चालवून बघतात. खरं कारण मात्र त्या वाक्याच्या वरच छापलेलं असतं. बहुतेक वेळा ती एकच ओळ असते आणि ती गिटनं लिहिलेली नसते. ती एसएसएचनं किंवा पलीकडच्या सर्व्हरनं लिहिलेली असते. हे पुस्तक त्या वरच्या ओळीबद्दल आहे.

नांदेड आणि लातूरच्या मुलांना समोर ठेवून असं पुस्तक लिहावं, हे काहींना विचित्र वाटेल. एसएसएच नांदेडच्या विष्णुपुरीत आणि बंगळुरूत वेगळं चालत नाही, हे खरं. पण ते ज्या वाटेनं जातं ती वाट वेगळी असते. श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था नांदेडला 1981 मध्ये सुरू झाली. शिवाय लातूरचं एम. एस. बिडवे महाविद्यालय, नांदेडचं एमजीएम, दोन्ही शहरांतली तंत्रनिकेतनं, 1994 साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याचं लातूरचं उपकेंद्र असा या भागातला संगणक शिक्षणाचा पसारा वाढत गेला. इथं शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात स्वतःचा लॅपटॉप अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो. तोवर लॅबमधलं सामायिक मशीन, होस्टेलचं वाय-फाय, शहरातल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड आणि मोबाइलचं हॉटस्पॉट यांच्यावर काम भागतं. एकाच दिवसात चार वेगवेगळ्या जाळ्यांतून एकच रिपॉझिटरी गाठायची असते. गिट शिकवणारी बहुतेक पुस्तकं हे गृहीतच धरत नाहीत. त्यांचा वाचक स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या घरी, कुणीही न अडवलेल्या जोडणीवर बसलेला असतो.

या अडचणींवरचा इथला प्रचलित उपाय आपल्या सगळ्यांना माहीत आहे. प्रकल्पाची झिप फाइल करायची, तिला ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘खरंच फायनल’ अशी नावं द्यायची आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. गिट येत नाही म्हणून हे होतं असं नाही. गिटच्या पहिल्या पाच आज्ञा सगळ्यांना येतात. पुश होत नाही, कारण कळत नाही आणि सबमिशन उद्या असतं.

दोष एसएसएचचा की गिटचा, हा वाद थोडा इतिहास माहीत असला की मिटतो. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकणारा प्रोग्राम बसवला. त्या काळी टेलनेट आणि आरलॉगिन यांसारखी साधनं पासवर्ड उघड्यावरच पाठवत असत. तिथले संशोधक टाटू यलोनेन यांनी त्यावर उतारा म्हणून एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लोकांसाठी मोकळं केलं. एफटीपीचं पोर्ट 21 आणि टेलनेटचं 23. मधलं 22 रिकामं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. 1999 च्या डिसेंबरमध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं आणि आज लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे तेच सापडतं. एसएसएचच्या सध्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रमाणीकरण 2006 मध्ये झालं.

गिट दहा वर्षांनी आलं. लिनक्स कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत परवानगी गेली आणि एप्रिल 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःचं साधन लिहायला घेतलं. काही महिन्यांतच ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं गेलं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं इतकंच, की समोरचा माणूस कोण हे ओळखण्याची यंत्रणा गिटनं स्वतः उभारली नाही. ते काम एसएसएचकडे आधीच होतं, गिटनं ते उसनं घेतलं. म्हणून गिटला अडचण आली की ते फक्त ‘वाचता आलं नाही’ एवढं सांगू शकतं. का आलं नाही, हे त्याला माहीतच नसतं.

या उसनवारीतून निघालेली एक युक्ती समजली की अर्धा गोंधळ संपतो. सर्व्हरवर हजारो लोकांची खाती उघडण्यापेक्षा ‘गिट’ नावाचं एकच खातं ठेवायचं, सगळ्यांनी त्याच नावानं आत यायचं, आणि आलेला कोण आहे हे त्याच्या किल्लीवरून ठरवायचं. आधी गिटोसिस आणि 2009 नंतर सीताराम चामर्ती या भारतीय अभियंत्यानं लिहिलेलं गिटोलाइट यांनी ही पद्धत रुळवली. 2011 मध्ये कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरवर घुसखोरी झाली आणि त्यानंतर लिनक्स कर्नलच्या भांडारांचा कारभारही गिटोलाइटकडे गेला. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट यांचे पत्तेही म्हणूनच ‘गिट अ‍ॅट’नं सुरू होतात. तिथं ‘गिट’ काढून स्वतःचं नाव घालणाऱ्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. पत्त्यातलं नाव सगळ्यांचं एकच असतं. ओळख ठरते ती किल्लीवरून.

आता हेच लॅबमधल्या सामायिक मशीनवर आणून बघा. सकाळच्या बॅचमधल्या कुणीतरी आपली किल्ली तिथं तयार केली, स्वतःच्या गिटहब खात्याला जोडली आणि तशीच सोडून गेला. दुपारच्या बॅचमधली मुलगी त्याच मशीनवर, त्याच विंडोज खात्यात बसते. जोडणी होते, पण तिच्या खासगी रिपॉझिटरीत पुश करायला गेलं की उत्तर येतं, ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’. ती नाव दहा वेळा तपासते. नाव बरोबरच असतं. सर्व्हरच्या नजरेत मात्र ती सकाळचा मुलगा असते, आणि ज्याला खासगी रिपॉझिटरी बघायची परवानगी नाही त्याला ती अस्तित्वात आहे हेसुद्धा सांगायचं नाही, असा गिटहबचा नियम आहे. ब्राउझरमध्ये ती स्वतःच्या नावानं आत असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. गिट बाजूला ठेवून नुसत्या एसएसएचनं गिटहबला हाक मारली असती, तर ‘हाय’ म्हणून कुणाचं नाव येतं ते लगेच दिसलं असतं. त्या नमस्कारापाठोपाठ ‘इथं शेल मिळत नाही’ असं येतं आणि नवखी मुलं त्यालाच बिघाड समजतात. तो बिघाड नाही. किल्ली चालते, याची ती पावती आहे.

अडचण शोधण्याच्या पद्धतींचे ढोबळ तीन संप्रदाय आहेत. पहिला पाककृतीवाल्यांचा: हा संदेश आला तर ही आज्ञा चालवा. त्यांची यादी कधीकधी लागू पडते, म्हणूनच ती धोक्याची आहे. फाइलला 777 परवानगी द्या, ओळखीच्या सर्व्हरांची नोंद असलेली ‘नोन होस्ट्स’ फाइल उडवा, होस्टची तपासणीच बंद करा, असले उपाय त्यात हमखास असतात. पहिल्या उपायानं तर प्रकरण चिघळतं. खासगी किल्ली इतरांना वाचता येते असं दिसलं की एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. लातूर पॅटर्ननं महाराष्ट्राला बरंच काही दिलं, पण प्रश्नसंच पाठ करून पेपर सोडवण्याची जी सवय आपल्या शिक्षणात मुरली, तिनं या संप्रदायाला अनुयायी पुरवले, असं मला वाटतं. रागावणाऱ्यांनी रागवावं.

दुसरा संप्रदाय जाळ्याच्या अभियंत्यांचा. ते खालून वर येतात: नावाचा पत्ता सापडतो का, पोर्ट उघडं आहे का, समोरचा सर्व्हर तोच आहे का, किल्ली मान्य होते का, आणि शेवटी रिपॉझिटरीवर हक्क आहे का. तिसरा संप्रदाय एसएसएचलाच बोलतं करणाऱ्यांचा. आज्ञेला छोटा ‘व्ही’ जोडला की प्रत्येक पायरीवर काय झालं ते एसएसएच ओळीनं सांगू लागतं. तीन ‘व्ही’ जोडले तर इतकं सांगतं की नको होतं. या पुस्तकाचे लेखक दुसऱ्या आणि तिसऱ्या संप्रदायाच्या मधोमध उभे आहेत, आणि ते योग्यच आहे. नांदेडहून निघालेली एसटी पुण्याला पोचली नाही एवढ्यावर काही ठरत नाही. ती लोह्याला बंद पडली की अहमदपूरला, हे कळलं तरच मेकॅनिक कुठं पाठवायचा ते ठरतं.

चौथाही एक गट आहे, तो म्हणतो एसएसएच सोडाच, एचटीटीपीएस वापरा. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एचटीटीपीएस बहुतेक जाळ्यांतून सुखानं जातं. पण 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहबनं त्या वाटेवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. टोकन काढावं लागतं, सांभाळावं लागतं, मुदत संपली की पुन्हा काढावं लागतं. शिवाय जुन्या लॅबमध्ये एक गमतीदार प्रकार दिसतो. मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, तारीख बरीच वर्षं मागे गेलेली असते, आणि प्रमाणपत्राच्या मुदतीचा मेळ न बसल्यानं एचटीटीपीएस अडतं. एसएसएचच्या साध्या किल्लीला तारखेशी काही देणंघेणं नसतं, ते निमूट चालतं. दोन्ही वाटा माहीत असाव्यात, एकावर निष्ठा ठेवायचं कारण नाही.

आपल्या भागात सर्वांत जास्त अडतं ते पोर्ट 22 वर. शैक्षणिक संस्थांच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारी 80 आणि 443 ही दोनच पोर्टं खुली ठेवण्याची पद्धत आहे. वेब चालतं, म्हणजे ‘नेट चालू आहे’. पण एसएसएच थांबून थांबून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणतं. ‘टाइम्ड आउट’ आणि ‘रिफ्यूज्ड’ यांतला फरक इथं कामाला येतो. पहिल्यात पाठवलेलं कुठंतरी गडप झालं, उत्तरच आलं नाही. दुसऱ्यात कुणीतरी स्पष्ट ‘नाही’ म्हणालं. होस्टेलच्या वाय-फायवर आणखी एक पायरी असते. ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडून नाव-पासवर्ड दिल्याशिवाय दार उघडत नाही, आणि टर्मिनलला ते पान दाखवायची सोय नाही. तपासण्याची सोपी रीत म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट. तिथं तीच आज्ञा चालली तर लॅपटॉप आणि किल्ली दोन्ही निर्दोष सुटले.

गिटहब, गिटलॅब आणि बिटबकेट या तिघांनीही अशा जाळ्यांसाठी 443 वर ऐकणारे वेगळे एसएसएच पत्ते ठेवले आहेत. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन-चार ओळी घातल्या की काम होतं. नवा पत्ता म्हणून होस्टची ओळख पटवण्याचा प्रश्न पुन्हा एकदा विचारला जातो. तेव्हा डोळे मिटून ‘येस’ न लिहिता, त्या सेवेनं प्रसिद्ध केलेल्या किल्लीच्या ठशाशी (फिंगरप्रिंटशी) समोरचा ठसा जुळवून बघावा. काही फायरवॉल 443 वरूनही एसएसएच ओळखून अडवतात. मग एचटीटीपीएसचीच वाट उरते.

सरकारी अडवणुकीचाही अनुभव आपल्याला आहे. डिसेंबर 2014 मध्ये केंद्र सरकारच्या आदेशानं 32 संकेतस्थळं बंद झाली, त्यांत गिटहबही होतं. काही दिवसांत ते सुटलं. अशा वेळी घरातला राउटर दहादा बंद-चालू करून काय होणार?

आणखी एका अडचणीला पुस्तकात हवं तेवढं स्थान मिळालंय, याचा मला आनंद आहे. जोडणी होते, पोर्ट उघडतं, दोन्ही बाजू आपापली आवृत्ती सांगतात आणि मग सगळं गोठतं. ‘व्ही’ लावून पाहिलं तर किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या उत्तराची वाट बघत थांबलेलं दिसतं. यात किल्लीचा दोष नसतो. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीवर किंवा व्हीपीएनच्या वाटेवर पॅकेटला 1500 बाइटपेक्षा कमी जागा असते, मोठी पॅकेटं मधेच गळतात, आणि ‘पॅकेट लहान करा’ हा निरोप कुठल्यातरी फायरवॉलनं दाबलेला असतो. छोटे संदेश जातात, मोठे जात नाहीत. एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, कमी केली की गाडी हलते. 2020 च्या टाळेबंदीत पुण्यातून औसा, उदगीर, मुखेड, कंधारकडे परतलेल्या आणि घरून कंपनीच्या व्हीपीएनवर काम करणाऱ्यांना हे कुणी सांगितलं असतं, तर कित्येकांनी लॅपटॉप फॉरमॅट केले नसते.

विंडोजवरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुस्तकात भरपूर आहे. 2018 पासून विंडोजसोबत स्वतःचं ओपनएसएसएच येतं, आणि गिट फॉर विंडोज आपलं वेगळं घेऊन येतं. एकाच्या एजंटमध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, किल्ली घातली तर दुसऱ्याला ती दिसेलच असं नाही. टर्मिनलमध्ये एसएसएच चालतं, गिट मात्र ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणतं, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. लिनक्सवर त्याचं भावंड म्हणजे ‘सुडो’ लावून केलेलं गिट क्लोन. तिथं एसएसएच तुमच्या नव्हे, रूटच्या घरात किल्ली शोधतं.

जुनी उत्तरं शिळी होतात, हे या विषयातलं मोठं दुखणं आहे. दहा वर्षांपूर्वीच्या लेखात डीएसए किंवा आरएसए किल्ली बनवायला सांगितलेली असते. 2014 पासून एड25519 उपलब्ध आहे. सप्टेंबर 2021 मधल्या ओपनएसएसएच 8.8 नं एसएचए-1 वर आधारलेली आरएसए सही डिफॉल्ट म्हणून बंद ठेवली, आणि मार्च 2022 मध्ये गिटहबनं डीएसए किल्ल्या नाकारल्या. ज्यांची मशीनं चालत होती त्यांची एका सकाळी बंद पडली, आणि त्यांनी स्वतः काहीही बदललेलं नव्हतं. 24 मार्च 2023 ची घटना याहून बोलकी आहे. गिटहबची स्वतःची आरएसए होस्ट किल्ली चुकून थोडा वेळ सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली, म्हणून त्यांनी ती बदलली. जगभरच्या पडद्यांवर ‘होस्टची ओळख बदलली आहे’ हा मोठा इशारा झळकला. ज्यांना त्याचा अर्थ माहीत होता त्यांनी गिटहबची घोषणा वाचली, नवा ठसा जुळवला, जुनी नोंद काढली आणि काम पुढे नेलं. बाकीच्यांनी तपासणीच बंद करून टाकली, आणि ती अनेकांच्या मशीनवर आजही बंदच असेल.

हा विषय आजच महत्त्वाचा का, याचं एक उत्तर नोकरीशी जोडलेलं आहे. पहिल्या मुलाखतीतच गिटहबचा दुवा मागितला जातो. रुजू झालेल्या मुलीला पहिल्याच दिवशी ‘रिपो क्लोन करून घे’ असं सांगतात आणि ती कसं निभावते याकडे शेजारच्यांचं लक्ष असतं. दुसरं उत्तर मला अधिक जवळचं वाटतं. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यानं ते सोडून दिलं नाही, आणि त्यातून एक्सझेड या लायब्ररीत पेरलेलं चोरदार उघडकीला आलं, तेही ते जगभर पसरायच्या आत. चालू असलेल्या गोष्टीतही काय चुकतंय हे बघण्याची ही नजर पाठांतरानं येत नाही.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे गिटचं पाठ्यपुस्तक नव्हे. ब्रँच आणि मर्ज इथं शिकायला मिळणार नाहीत. संस्थेची बंधनं चुकवून कसं निसटावं, हेही इथं नाही. त्याऐवजी कोणतं पोर्ट, कोणता पत्ता, कशासाठी हवा, एवढं नेमकं लिहून सिस्टिम अ‍ॅडमिनकडे अर्ज कसा करावा, हे आहे. ‘सर, नेट चालत नाही’ या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. ‘गिटहबचं पोर्ट 22 टाइम आउट होतं, 443 वरचा एसएसएच पत्ताही जात नाही, हॉटस्पॉटवर दोन्ही चालतात’ या तक्रारीवर पाच मिनिटांत निर्णय होऊ शकतो. स्वतःचा सर्व्हर उभारणाऱ्यांसाठी, विशेषतः गिटोलाइटवर, आणखी पानं असती तर बरं झालं असतं. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये एका जुन्या मशीनवर ते सहज चालतं, आणि इंटरनेट गेलं तरी मुलांचं काम थांबत नाही.

संदेशांचे मूळ शब्द लेखकांनी जसेच्या तसे ठेवलेत आणि स्पष्टीकरण मराठीत दिलंय. पडद्यावर जे दिसणार तेच पानावर दिसलं पाहिजे, म्हणून हे बरोबर आहे.

वाचकांना दोन विनंत्या. पुस्तक वाचताना शेजारी टर्मिनल उघडं ठेवा आणि तुमचं सगळं सुरळीत चालत असेल त्या दिवशीही एकदा ‘व्ही’ लावून बघा. निरोगी जोडणी कशी दिसते हे माहीत नसेल तर आजारी ओळखता येत नाही. आणि मदत मागताना पडद्यावरचा सगळा मजकूर पाठवा, फक्त शेवटची ओळ नको. मात्र खासगी किल्लीची फाइल कुणालाही, सरांनासुद्धा, कधीही पाठवू नका. पाठवलीच असेल तर ती आजच खात्यावरून काढून टाका आणि नवी तयार करा.